चाक बसलं म्हणजे जुळलं असं नाही

मोटरसायकलवर हौसेने काही बदलायचं ठरलं की बहुतेकांची नजर आधी चाकांवर जाते. ते साहजिकही आहे. रंग बदलला, हँडल बदललं तरी गाडी ओळखू येते. चाकं बदलली की तिची अख्खी चणच बदलते. मागे रुंद टायर, पुढे काळं कुळकुळीत अलॉय, असा एखादा फोटो दिसला की हात शिवशिवायला लागतात. मग मेकॅनिकला एकच प्रश्न विचारला जातो: "माझ्या गाडीला हे बसेल का?"

उत्तर बहुधा "बसेल की!" असंच येतं, आणि ते खोटंही नसतं. एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, आरपार गेला, नट आवळला, चाक फिरलं, म्हणजे बसलं. मी स्वतः या "बसेल की"वर भरवसा ठेवून एकदा मागचं चाक लावून घेतलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगतोच. पण बसणं आणि जुळणं यांच्यामध्ये बेअरिंग, चेन, डिस्क, ब्रेकचा संगणक आणि वळणातला तोल एवढं सगळं असतं. पैसे मोजण्याआधी ते समजून घेतलेलं बरं.

टायरवरच्या आकड्यांपासून सुरुवात

टायरच्या बाजूला १२०/७०-१७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. १२० ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० हे मात्र मिलिमीटर नव्हेत, टक्के आहेत: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ८४ मिमी. शेवटचे १७ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत तीन वेगळी मापं असल्यामुळे लोक गोंधळतात, पण गणित सोपं आहे. १७ इंच म्हणजे ४३२ मिमी. त्यात वरची आणि खालची भिंत मिळून १६८ मिमी टाकले की चाकाचा एकूण व्यास ६०० मिमी येतो. हा एकूण व्यास लक्षात ठेवा, पुढचे बरेच घोळ त्याच्यापाशीच होतात.

त्यापुढे '५८ डब्ल्यू' अशासारखी खूण असते. ५८ म्हणजे हा टायर २३६ किलो भार पेलू शकतो, आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत चालतो. हौसेच्या खरेदीत भाराच्या या आकड्याकडे कोणी बघत नाही. मागे माणूस बसवून, सामान बांधून फिरणाऱ्याने तो आधी बघावा.

रिमवरही असाच मजकूर कोरलेला सापडतो, उदाहरणार्थ 'एमटी ३.५० × १७'. ३.५० ही रिमची आतली रुंदी, इंचांत, टायरच्या कडा जिथे टेकतात तिथली. एमटी हा रिमच्या आतल्या घडणीचा प्रकार. त्यात कडेजवळ हलकासा उंचवटा असतो, म्हणजे हवा कमी झाली तरी ट्यूबलेस टायरची कड सहज घसरत नाही.

टायर थोडा रुंद घातला तर बिघडतं काय?

प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमवर बसवून घडवलेला असतो. १२०/७०-१७ साठी ती रुंदी साडेतीन इंच, १६०/६०-१७ साठी साडेचार, १८०/५५-१७ साठी साडेपाच. थोडा कमी-जास्तपणा चालतो, पण किती, ते टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. तक्ता सोडून डोळ्यांना बरं दिसतं म्हणून जाऊ नये.

कारण असं. मोटरसायकलचा टायर कारच्या टायरसारखा सपाट नसतो, गोलसर असतो, आणि गाडी कलंडली की त्या गोलाईवरूनच ती वळते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. पुठ्ठ्याची पट्टी दोन बोटांत दाबून बघा, मध्ये अशीच फुगते. आता सरळ जाताना रस्त्याला टेकतो फक्त मधला चिंचोळा पट्टा, आणि वळणात टायरच्या खांद्याचा आकार घडवणाऱ्याने ठरवला होता तसा राहत नाही. म्हणजे दिसायला रबर वाढलं, पकड मात्र वाढलीच असं नाही. उलट, रुंद रिमवर अरुंद टायर ताणला की माथा सपाट होतो; गाडी कलंडायला कुरकुरते आणि कलंडली की एकदम पडल्यासारखी वाटते.

रुंद टायरचा आणखी एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. गाडी कलंडली की टायर जमिनीला मध्ये न टेकता कलंडलेल्या बाजूला टेकतो. टायर जितका रुंद, तितका हा टेका मध्यरेषेपासून लांब सरकतो. म्हणून तेच वळण, त्याच वेगाने घ्यायला रुंद टायरवाली गाडी थोडी जास्त कलंडवावी लागते. मोठ्या इंजिनांना रुंद टायर देतात ते मागच्या चाकावर येणारी ताकद पेलण्यासाठी. लहान इंजिनाला तो टायर म्हणजे जास्त वजन आणि आळशी वळण.

"नुसता व्यास दोन इंचांनी कमी केला, त्यात काय एवढं?"

समजा, पुढे ९०/९०-१९ होता. त्याजागी रस्त्यावर छान पकड देणारा १२०/७०-१७ घ्यायचा आहे. जुन्या चाकाचा एकूण व्यास ६४५ मिमी, नव्याचा ६००. म्हणजे पुढचा एक्सल २२ मिमी खाली आला.

२२ मिमी म्हणजे दोन बोटांपेक्षाही कमी. पण पुढच्या चाकाला हँडलशी बांधणारी भूमिती मिलिमीटरमध्येच चालते. सामान वाहायच्या ट्रॉलीची छोटी चाकं आठवा. त्यांचा खिळा पुढे आणि चाक किंचित मागे असतं, त्यामुळे ढकललं की चाक आपोआप सरळ होतं. मोटरसायकलच्या पुढच्या चाकातही हेच आहे: हँडलच्या अक्षाची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायरच्या टेक्याच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. रस्त्यावरच्या गाड्यांत ते साधारण ९० ते ११० मिमीच्या आसपास असतं. गाडी सरळ धावताना हँडल स्वतःहून सरळ राहतं त्यात या ट्रेलचा मोठा वाटा आहे.

हँडलचा अक्ष उभ्या रेषेपासून २५ अंश कललेला असेल, तर चाकाची त्रिज्या २२ मिमीने घटल्यावर ट्रेल सुमारे १० मिमीने घटतो. शिवाय गाडीचं तोंड खाली झाल्यामुळे तो अक्षही जरा उभा होतो आणि आणखी काही मिमी जातात. गाडी चटकन वळायला लागते, जे पहिल्या दिवशी फार आवडतं. मग कधीतरी वेगात, खड्ड्यातून जाताना हँडल हातात थरथरतं. जाणकार मंडळी चाक लहान केलं की फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) त्यांना वर पकडणाऱ्या ट्रिपल क्लॅम्पमध्ये खाली सरकवून किंवा मागची बाजूही त्याच मापाने उतरवून हा हिशोब परत जुळवतात. म्हणजे 'नुसतं चाक' बदलणं राहत नाही.

स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून वाचत असेल तर तोही चुकतो. नवं चाक लहान, म्हणून तेवढ्याच अंतरात ते साडेसात टक्के जास्त फिरतं. खरा वेग ८० असताना काटा ८६ दाखवतो. हे एकवेळ चालेल. एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, मात्र तसं नाही. एबीएसचा संगणक दोन्ही चाकं किती वेगाने फिरतात ते सतत ताडून बघतो, आणि एक चाक दुसऱ्याच्या मागे पडलं की ते लॉक होतंय असं समजतो. पुढचं चाकच लहान केल्यामुळे त्याला मागचं चाक कायमच मागे पडलेलं दिसतं. मग दिवा पेटून यंत्रणा बंद पडू शकते, किंवा ब्रेकचा दाब नको तिथे सोडला जाऊ शकतो. तेव्हा एबीएसच्या गाडीत दोन्ही चाकांचे एकूण व्यास मूळच्या अगदी जवळ ठेवावेत आणि हबवरच्या (चाकाच्या मधल्या भागावरच्या) ज्या दातेरी कड्यावरून सेन्सर वेग वाचतो, त्यात दात तेवढेच आहेत ना, ते मोजून घ्यावं. कडं आणि सेन्सर यांच्यामधली फटही मॅन्युअलप्रमाणे हवी. ती मिलिमीटरच्या आसपास असते.

हबच्या पोटात

आता माझ्या चाकाची गोष्ट. दुसऱ्या मॉडेलचं, वापरलेलं, पण सुंदर अलॉय मिळालं. हबमधली आतली नळी त्यासोबत नव्हती. लावून देणाऱ्याने लेथवर एक नळी करून आणली, नवी बेअरिंग ठोकली, चाक चढवलं. एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती: नट सैल असताना चाक बोटाने गरगर फिरायचं, नट आवळला की जड व्हायचं. "नवीन बेअरिंग आहे, चालवा, मोकळं होईल," असं उत्तर मिळालं आणि मी ते मानलं.

काही आठवड्यांनी मागून घूं-घूं आवाज यायला लागला. मग वळणात गाडीचा मागचा भाग हलका डुलल्यासारखा वाटायला लागला. चाक खोललं तर डाव्या बेअरिंगमधलं ग्रीस काळं पडून वाळलेलं, गोळ्या उष्णतेने निळसर झालेल्या आणि त्यांना अंतरावर धरून ठेवणारी पत्र्याची जाळी तुटलेली. व्हर्नियर लावून मोजलं, नळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त आखूड होती. तेवढ्यानेच हे झालं होतं.

का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण लावून घेतलेल्या चाकांत ही चूक वारंवार सापडते. बेअरिंगला दोन कडी असतात: बाहेरचं हबमध्ये घट्ट बसलेलं, आतलं एक्सलवर. दोन बेअरिंगच्या आतल्या कड्यांमध्ये ही नळी उभी असते. एक्सलचा नट आवळला की बाहेरचा स्पेसर (जागा भरून काढणारं कडं), बेअरिंगचं आतलं कडं, नळी, दुसरं आतलं कडं, दुसरा स्पेसर हे सगळं मिळून एक सलग खांब होतो आणि नटाचा जोर तो खांब पेलतो. गोळ्यांवर काहीच येत नाही. नळी आखूड असली की खांबात फट राहते. नट ती फट बुजवायला आतली दोन्ही कडी एकमेकांकडे ओढतो, बाहेरची कडी मात्र हबमध्ये जागच्या जागी. मधल्या गोळ्या आडव्या चिरडल्या जातात. नट आवळल्यावर चाक जड होणं ही त्याची पक्की खूण. अशा वेळी नट सैल ठेवणं हा उपाय नव्हे, नळीच बदलायची.

म्हणूनच बेअरिंग बसवताना आधी एका बाजूचं पूर्ण ठोकतात, मग नळी घालतात आणि दुसरं बेअरिंग आतलं कडं नळीला नेमकं टेकेपर्यंतच आत नेतात. आणि ठोकताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर घाव घातला की नवं बेअरिंग त्याच क्षणी दुखावतं.

एक्सलच्या जाडीसाठी बेअरिंगचा नंबर वाचता येणं कामाचं आहे. ६२०२, ६३०२ अशा नंबरांतले शेवटचे दोन आकडे आतलं भोक सांगतात: ०२ म्हणजे १५ मिमी, ०३ म्हणजे १७, ०४ म्हणजे २०. ६२०२ आणि ६३०२ दोन्हींत १५ मिमीचाच एक्सल जातो, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ३५ मिमी, दुसऱ्याचा ४२. चाक विकत घ्यायला जाताना आपल्या एक्सलची जाडी मोजून न्या आणि हबमधल्या बेअरिंगवरचा नंबर तिथेच वाचा.

मागच्या हबमध्ये आणखी एक गोष्ट शोधा, हब रबर. चेनचा झटका चाकापर्यंत जाण्याआधी ही रबरं तो गिळतात. केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या काही चाकांत ती नसतात आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, थेट चाकाला बोल्ट केलेलं असतं. रोजच्या गाडीत मग प्रत्येक गिअरचा धक्का चेनला आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो. माझं मत विचाराल तर रस्त्यावर असं चाक वापरू नये.

मधली रेघ

पुढचं आणि मागचं चाक एकाच रेषेत धावलं पाहिजे. दुसऱ्या गाडीचं हब कमी-जास्त रुंद असतं, ते स्पेसर घालून भरून काढतात, आणि नेमकं तिथे चाक चार-पाच मिमी एका बाजूला सरकतं. तपासणं अवघड नाही: मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकून ताणलेल्या दोन दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत न्या. पुढचं चाक सरळ धरल्यावर दोन्हीकडे फट सारखी दिसली पाहिजे.

चाक मध्ये आलं तरी मागचं स्प्रॉकेट इंजिनाच्या स्प्रॉकेटच्या रेषेत आहे का, हा प्रश्न वेगळाच. रेष चुकली असेल तर काही दिवसांत मागच्या दातांच्या एकाच बाजूला चकाकी येते. आणि ब्रेकची डिस्क कॅलिपरच्या, म्हणजे तिला दोन्हीकडून पॅडने दाबणाऱ्या भागाच्या, बरोबर मधून जायला हवी. डिस्कच्या बोल्टांचं वर्तुळ जुळतं म्हणून डिस्क बसते, पण ती तीन मिमी बाहेर असेल तर कॅलिपरला घासते किंवा पॅड तिरके झिजतात. अशा वेळी कॅलिपरच्या ब्रॅकेटखाली वॉशरची चळत लावलेली मी पाहिली आहे. ब्रेकच्या बाबतीत हे करू नका. नीट मापाने कापलेला ब्रॅकेट किंवा ॲडॉप्टरच हवा.

"हलकं चाक म्हणजे गाडीला पंख", हे कितपत खरं?

बरंच खरं आहे, पण फुगवूनही सांगतात. चाकातला एक किलो म्हणजे गाडीवरचे दहा किलो, असं सर्रास ऐकू येतं. तसं नसतं. गाडीवरचं वजन फक्त पुढे जातं. रिमवरचं वजन पुढेही जातं आणि फिरतंही. दोन्हीला सारखीच ऊर्जा लागते. म्हणून वेग घेण्याच्या बाबतीत रिमच्या अगदी कडेचा एक किलो हा जास्तीत जास्त दोन किलोंइतका. हबजवळचा एक किलो तर जेमतेम एकच.

खरा फायदा दुसरीकडे आहे. चाक हा भोवरा आहे. भोवरा जितका जड आणि वेगात, तितका त्याला कलवणं कठीण. हलक्या रिमची गाडी वळणात सहज झुकते, आणि हा फरक पहिल्या वळणात कळतो. दुसरा फायदा खड्ड्यांत. शॉकॲब्सॉर्बरच्या खाली असलेल्या वजनाला अनस्प्रंग वजन म्हणतात. पाठीवरच्या पिशवीत एक किलो आणि बुटांना चिकटलेला एक किलो चिखल, यांत चालताना काय जास्त जाणवतं ते आठवा. चाक हलकं झालं की ते रस्त्याचा उंचसखलपणा लवकर धरतं, टायर जमिनीला जास्त वेळ चिकटून राहतो.

म्हणून चाकाचं वजन विचारताना टायर, डिस्क आणि बेअरिंगशिवायचं विचारा, आणि आपल्या जुन्या चाकाचंही तसंच मोजा. दिसायला सडपातळ असलेली कितीतरी अलॉय तारांच्या जुन्या चाकापेक्षा जड भरतात.

कास्ट, फोर्ज्ड आणि तारांचं

कास्ट म्हणजे वितळलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू साच्यात ओतून केलेलं. कारखान्यातून येणारी बहुतेक अलॉय अशीच असतात आणि चांगली असतात. फोर्ज्ड म्हणजे घन ठोकळा प्रचंड दाबाखाली दाबून, मग मशीनवर कातून घडवलेलं. दाबामुळे धातू जास्त घट्ट आणि चिवट होतो, म्हणून कमी धातूत तेवढीच ताकद मिळते. खड्ड्यात आदळल्यावर फोर्ज्ड रिम तडकण्याआधी वाकण्याची शक्यता जास्त, आणि वाकलेली रिम निदान घरी पोहोचवते.

तारांचं चाक जुनाट समजू नये. आऱ्या लवचिक असतात, एखादी तुटली तर बदलता येते, रिमला आऊट आला, म्हणजे ती डुलायला लागली, तर आऱ्यांच्या टोकांचे निपल (छोटे नट) आवळून-सैल करून तो काढता येतो. खराब वाटांवर जाणाऱ्यांनी तेच ठेवावं असं मला वाटतं. अडचण एवढीच की आऱ्यांची भोकं रिममधून आरपार जातात, म्हणून ट्यूब लागते. बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएसवर आऱ्या रिमच्या कडांकडे नेऊन हा प्रश्न सोडवला, आणि आज तशी ट्यूबलेस तारांची चाकं वेगळी विकतही मिळतात.

पावडर कोटिंगबद्दल एक सूचना. ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला भाजलं जातं. तापमान किंवा वेळ जास्त झाला तर उष्णतेने कणखर केलेला मिश्रधातू नरम पडू शकतो. आणि बेअरिंगच्या व डिस्कच्या बैठकीवर पावडर बसता कामा नये; तेवढ्या थरानेही बैठक बिघडते.

"मित्राने वर्षभर चालवलं, काही झालं नाही"

हा मुद्दा मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे. त्याचं उत्तर धातूच्या थकव्यात आहे. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, मागेपुढे वाकवत राहिलं की अचानक तुटते. आधी काहीच दिसत नाही. ६०० मिमी व्यासाचं चाक एका किलोमीटरमध्ये ५३० वेळा फिरतं. १० हजार किलोमीटरमध्ये ५३ लाख फेरे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरीवर भार येतो आणि उतरतो. कमकुवत ओतकामातला एखादा हवेचा बुडबुडा या फेऱ्यांत हळूहळू भेग होतो.

नावाजलेल्या चाकाची हुबेहूब नक्कल स्वस्तात मिळते तेव्हा नेमका हाच भाग नक्कल झालेला नसतो. मोटरसायकलच्या मिश्रधातूच्या चाकांच्या चाचण्यांसाठी आयएसओ ८६४४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. चाकाला वाकवत फिरवणं, भार देऊन गडगडत ठेवणं, आघात करणं अशा कसोट्यांवर चाक उतरलं की नाही, आणि त्याचा कमाल भार किती, हे विक्रेत्याला लेखी विचारा. सांगता आलं नाही तर ते चाक भिंतीवर शोभेल, गाडीखाली नको. आणि गाडीत केलेला बदल तुमच्याकडच्या कायद्याला आणि विमा कंपनीला चालतो का, हे घेण्याआधीच विचारा. अपघातानंतर विचारायला उशीर झालेला असतो.

लावायच्या दिवशी

टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने हवा. टायर चढवल्यावर बॅलन्सिंग करायचंच. चाक अधांतरी ठेवून फोर्कला टेकवलेल्या काडीजवळून फिरवा आणि रिम किती डुलते बघा. पुष्कळ मॅन्युअलमध्ये २ मिमीपर्यंतची सूट असते, काही अलॉयसाठी त्याहूनही कमी. एक्सलचा नट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याला. आवळल्यावर चाक पुन्हा बोटाने फिरवून बघा, ते आधीइतकंच मोकळं असलं पाहिजे.

मग मागची बाजू सस्पेन्शन पूर्ण दबेपर्यंत खाली नेऊन टायर मडगार्डला, चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला) किंवा चेनला कुठे लागत नाही ना, ते पाहा. वेगात टायर थोडा फुगतो, म्हणून फट बोट सहज जाईल एवढी असावी. डिस्कला हात लागलेले असतात, ती ब्रेक क्लीनरने पुसा. आणि गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर घट्ट लागेपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. चाक काढताना पॅड मागे गेलेले असतात. पहिल्या दाबात लिव्हर मोकळा जातो आणि फाटकापर्यंत पोचायच्या आत माणूस आपटतो.

पहिली फेरी दहा-पंधरा किलोमीटरची, सावकाश. नव्या टायरवरचा गुळगुळीतपणा जायला वेळ लागतो. परत आल्यावर उतरून दोन्ही हबच्या मधोमध, डिस्कपासून दूर, तळहात ठेवा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर नट काढा आणि नळी मोजा.